खरवडलेला प्रोसेसर

आता सगळं मार्गी लागलंय म्हणून हसत सांगतोय. त्या आठवड्यात कुणी माझ्यासमोर हसलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं, आणि जिने आमच्याकडे पुष्कळ होते.

माझा धंदा जुनी यंत्रं दुरुस्त करण्याचा. नवीन यंत्रं मी घेत नाही. नवीन वस्तू बिघडली की लोक फेकतात, आणि फेकणाऱ्यांशी माझं जमत नाही. जुनं रेडिओ केंद्र, बंद पडलेला छापखाना, चाळीस वर्षांपूर्वीचं वजनाचं यंत्र, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात, तीही चार ठिकाणी नकार ऐकून. मग मी त्यांना आधी उशीर केल्याबद्दल झापतो आणि मग काम घेतो. ताई म्हणते, धाकट्या, सगळ्यांची यंत्रं नीट करतोस, एकदा तुझी जीभही उघडून बघ.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. माझ्या दुकानामागच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एकटी राहते. आयुष्यभर तिने रफूचं काम केलं. सिगारेटने भोक पडलेला कोट असो की कसरीने खाल्लेली शाल, ती त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढायची आणि असं विणून द्यायची की मालकालाच भोक कुठं होतं ते सापडत नसे. दोनदा तर गिऱ्हाइकांनी भांडण काढलं की तुम्ही काहीच केलं नाही, भोक नव्हतंच. मी बिनबायकोचा माणूस, त्यामुळे गेली वीस वर्षं दुपारी तिच्याकडे जेवतो आणि जेवताना बोलणी खातो. दोन्ही मला लागतं.

पाच महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. ती लिफ्टने घरी आली, काठी घेऊन घरात फिरू लागली आणि बरोबर अकरा दिवसांनी लिफ्ट बंद पडली. इमारतीला एकच लिफ्ट. खाली उतरायला एकशे चौदा पायऱ्या, मी मोजल्यात. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की रोज बाहेर मोकळं चालायचं, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. आणि ही बाई स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत बसली.

लिफ्टचा मेकॅनिक भला माणूस. त्याने मोटर, दोर, ब्रेक सगळं तपासून सांगितलं, हे सगळं ठणठणीत आहे, मेलंय ते डोकं. डोकं म्हणजे गच्चीवरच्या खोलीतलं कार्ड. कोणत्या मजल्यावर कुणी बटण दाबलं, लिफ्ट आत्ता कुठे आहे, दार लागलंय का, हे सगळं ते ठरवतं. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. नवीन लिफ्ट बसवायची तर आमची विहीर, म्हणजे लिफ्ट जिच्यातून वर-खाली जाते ती पोकळी, अरुंद, माप देऊन बनवून घ्यावी लागेल, आठ-नऊ महिने. मग इमारतीच्या शहाण्यांनी कार्ड कुठल्याशा मोठ्या ठिकाणी पाठवलं. तिथे ते दोन महिने पडून राहिलं आणि एक चिठ्ठी लावून परत आलं, होत नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मागच्या गल्लीत मी बसलोय, पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण मी मागच्या वेळी सेक्रेटरीला मूर्ख म्हणालो होतो. तो मूर्ख होताच, पण ते सोडा.

दरम्यान ताईला दोनदा डॉक्टरकडे न्यावं लागलं. खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची कलंडली. मी मागून धरली म्हणून बरं. घरी आल्यावर ताईने सुई ओवायला घेतली तर तीनदा दोरा चुकला, आणि हा तोच हात ज्याने तिने हजारो सुया ओवल्या. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं. तिचा मुलगा आठ तासांवरच्या शहरात राहतो. त्याने एका दमात ठरवून टाकलं, रविवारी गाडी घेऊन येतो, आई आता आमच्याकडे, घराला कुलूप.

ताई "बरं" म्हणाली. फक्त बरं. मला तिचा इतका राग आला की त्या दुपारी मी जेवलोच नाही. जिने शेजाऱ्यांना, दुकानदारांना, मला, सगळ्यांना आयुष्यभर धारेवर धरलं, ती मुलापुढे मेंढरासारखी मान हलवते. तिला जायचं नव्हतं. खिडकीतल्या उजेडाची ती खुर्ची, ते टेबल, खालच्या बाकावर तिची वाट बघत बसणाऱ्या दोन मैत्रिणी, हे सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी एकटा पडेन, हेही मला माहीत होतं. ते मी कुणाला बोललो नाही, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती हे आता कबूल करतो.

सोमवारी मी मेकॅनिकच्या हातून कार्ड ओढूनच घेतलं. दुकानात नेलं नाही, ताईच्या टेबलावर मांडलं. तिथे तिचा भिंगाचा दिवा आहे, तो माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि तिच्या हातचा चहा मिळतो.

पहिल्या तासात कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. वीज येत होती, ठोके देणारा क्रिस्टल चालू होता, पण प्रोसेसर ढिम्म. नुसता तापत होता. म्हणजे मेलेला. त्यात मोठंसं काही नाही, त्या काळचे प्रोसेसर माझ्याकडे खोकीभर पडलेत. सॉकेटमधून जुना काढायचा, नवा बसवायचा. फक्त कोणता ते कळायला हवं, आणि तिथेच मेख होती. प्रोसेसरच्या पाठीवर नाव नाही, नंबर नाही. सगळं घासून गुळगुळीत केलेलं.

हा प्रकार मला नवा नव्हता. पूर्वी छोट्या कंपन्या असंच करत. आपलं कार्ड दुसऱ्याने उतरवून घेऊ नये म्हणून चिपांचे नंबर खरवडून टाकायचे. मी स्वतः विशीत अशा एका वर्कशॉपमध्ये हेच काम केलंय. काचेवर सॅंडपेपर चिकटवायचा आणि चिप उलटी धरून घासायची, दिवसाला दोनशे. आमचे उस्ताद एकच नियम सांगायचे, नंबर खुशाल घालवा, पण खाचेला हात लावायचा नाही. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. पिना मोजायला तिथून सुरुवात करतात. नंबर नसला तर पुढच्या माणसाला त्रास होतो, पण खाच खोटी असली तर तो चिप उलटी बसवतो आणि जाळतो. नंबर लपवणं हा धंदा, खाच बदलणं हा हरामखोरपणा, असं उस्ताद म्हणायचे. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी मी हेच सांगेन.

तर नंबर नसला तरी प्रोसेसर ओळखता येतो. चाळीस पिना असतात. त्यातल्या एका पिनेवर पाच व्होल्ट येतात आणि एक पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली असते. प्रत्येक जातीची ही जोडी वेगळी. कुणाची कोपऱ्यात, कुणाची मधे. माझ्याकडे जुनी वही आहे, तिच्यात सगळ्या जाती लिहून ठेवल्यात. मी मीटर लावला, खाचेपासून मोजलं. ग्राउंड नऊवर, पाच व्होल्ट एकतीसवर.

वही काढली. नऊ आणि एकतीस अशी जोडी त्यात नाही. पुन्हा मोजलं, तेच. मंगळवारी दुकानातली पुस्तकं आणली. बुधवारी तीन जुन्या दोस्तांना फोन केले. एक म्हणाला अशी जातच नसते, दुसरा म्हणाला तू मोजायला चुकलास, तिसऱ्याला कमी ऐकू येतं. मी मोजायला चुकलो म्हणणाऱ्याशी माझं वाजलं. गुरुवारपर्यंत माझे नाकी नऊ आले. ताई समोर बसून पेटीत कपडे भरत होती, एकेक घडी सावकाश घालत होती, आणि मी तिच्याकडे न बघता पिना मोजत होतो.

गुरुवारी दुपारी मी हात टेकले. मनाशी ठरवलं, हा त्या कंपनीने खास स्वतःसाठी बनवून घेतलेला प्रोसेसर असणार, जगात दुसरा मिळायचा नाही. भाच्याला फोन लावला आणि सांगितलं, नाही जमत रे, ये तू रविवारी. तो बरं म्हणाला. बरं म्हणायची त्यांच्याकडे साथच आली होती.

फोन ठेवला तर ताई समोर उभी.

"मला घराबाहेर काढणारा तो किडा दाखव तरी एकदा," ती म्हणाली.

"त्यात काय बघायचंय? काळा आहे, मुका आहे."

"चार दिवस माझं टेबल अडवून बसलास. दाखव म्हटलं की दाखवायचं."

मी प्रोसेसर तिच्या तळहातावर ठेवला. ती तिच्या खुर्चीत बसली, भिंगाचा दिवा ओढला, पण भिंगातून बघितलं नाही. डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख त्याच्या पाठीवरून फिरवलं. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. रफूचं कापड ती असंच तपासते. डोळ्याला फसवता येतं, नखाला येत नाही, असं तिचं म्हणणं.

"इथे कुणी रफू केलंय?" तिने विचारलं.

मला वाटलं औषधाचा परिणाम.

"ताई, ते कापड नाही. रफू कसलं?"

"कापड नाही ते मला दिसतंय, आंधळी नाहीये मी. या टोकाला बघ. इथे काहीतरी भरलंय आणि वरून घासून सारखं केलंय. नख किंचित अडतं. आतलं भरण आणि बाजूचा माल एक नाही. काम बरं केलंय, पण घाईत केलंय."

"आणि दुसरं टोक?"

"तिथली ही जी चंद्रकोर आहे ना, ती हाताने कोरलेली आहे. कडा बघ, सरळ नाहीत. कानशीने ओढल्याच्या रेघा लागतात नखाला. साच्यातून आलेली वस्तू अशी नसते."

मी भिंगाखाली डोकं घातलं. चार दिवस तीच चिप मी त्याच भिंगाखाली बघत होतो. खाचेच्या आत बारीक आडव्या रेघा होत्या. आणि दुसऱ्या टोकाला, खाच नसलेल्या टोकाला, एक अर्धगोल डाग होता, बाजूपेक्षा जेमतेम केसभर मळका. तिच्या सुयांच्या डबीतली सगळ्यात जाड सुई घेतली आणि त्या डागाला टोचली. काळा भुगा सुटला. अजून टोचलं. भुगा निघत गेला आणि आतून खाच निघाली. गुळगुळीत, साच्यातली, खरी खाच.

म्हणजे ज्याने नंबर खरवडला त्याने खरी खाच बुजवली होती आणि विरुद्ध टोकाला खोटी कोरली होती. सॉकेटही तसंच उलटं लावलं होतं. आणि मी, उस्तादांचा लाडका शिष्य, चार दिवस उलट्या टोकाने मोजत होतो. दोन महिने कार्ड ठेवून घेणारे मोठे लोकही तेच करत असणार. त्यांना नावं ठेवायला मी आता मोकळा नव्हतो.

चिप फिरवली. आता मोजलं. ग्राउंड एकोणतीस, पाच व्होल्ट अकरा.

वही उघडायची गरज नव्हती. अकरा आणि एकोणतीस म्हणजे झेड-एटी. त्या काळातला सगळ्यात साधा, सगळीकडे मिळणारा प्रोसेसर. माझ्या दुकानात कात्रीशेजारच्या खणात सात पडलेत. मी खुर्चीतच मागे टेकलो. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो पडताना मला ऐकू आला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. मी गाढव आहे."

"ते मला माहीत आहे. प्रोसेसरचं काय?"

मी एकशे चौदा पायऱ्या उतरलो आणि पुन्हा चढलो, साठी ओलांडलेल्या माणसाने चढू नये तशा. नवा झेड-एटी सॉकेटमध्ये बसवला, जुन्याची खरी खाच ज्या बाजूला होती त्या बाजूला याची खाच ठेवून. टेबलावर वीज दिली. कार्डावरचे छोटे लाल दिवे एकापाठोपाठ लागले आणि आकडा दाखवणाऱ्या खिडकीत शून्य उमटलं. तीन महिन्यांनी त्या कार्डाला आपण तळमजल्यावर आहोत असं वाटलं. प्रत्यक्षात ते सहाव्यावर होतं, पण मी त्याला माफ केलं.

ताई त्या शून्याकडे बघत राहिली. मग तिने पेटी उघडली आणि घड्या घातलेले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवू लागली.

"थांब की," मी म्हणालो. "अजून लिफ्टला लावायचंय, मेकॅनिकने तपासायचंय."

"तू तपास. मी लावते."

शुक्रवारी मेकॅनिकने कार्ड जोडलं. शनिवारी दिवसभर त्याने लिफ्ट रिकामी चालवली, मग वाळूची पोती घालून चालवली, मधेच वीज तोडून बघितली, ब्रेक बघितले, प्रत्येक मजल्यावर दार उघडून उंबरा मोजला. चार मजल्यांवर ती एक बोट वर थांबत होती, ती त्याने नीट केली. संध्याकाळी त्याने कागदावर सही केली आणि मला म्हणाला, तुम्ही हुशार आहात. मी त्याला सांगितलं की हुशार माणूस सहाव्या मजल्यावर राहतो. त्याला ते कळलं नाही, पण मी समजावत बसलो नाही.

भाच्याला फोन करायला मी मोबाइल हातात घेतला, तर ताईने तो काढून घेतला.

"नको सांगू."

"अगं, तो आठ तास गाडी चालवत येईल."

"येऊ दे. सांगितलंस तर यायचा नाही. सात महिने झाले त्याला बघून. ऑपरेशनलाही सुट्टी मिळाली नाही बिचाऱ्याला."

मी मोबाइल तिच्याकडेच राहू दिला. आईच्या लबाडीला काय बोलणार.

रविवारी अकराला भाचा आला. गाडीतून उतरला तो दोन हमाल आणि एक घडीची खुर्ची घेऊन. चेहरा सुकलेला, डोळे लाल. मी खालीच उभा होतो. माझ्या तोंडून काही फुटू नये म्हणून मी दातांनी ओठ धरला होता.

"मामा, आई तयार आहे?"

"आहे."

"रडली का रे फार?"

तेवढ्यात लिफ्टचा आकडा पाचवर आला. भाचा माझ्याकडे बघत होता, त्याला ते दिसलं नाही. चार. तीन. दोन. एक. शून्य. दार उघडलं आणि आतून ताई बाहेर आली. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांवर. तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

भाच्याच्या हातातली खुर्ची खाली पडली.

"आई, तू खाली कशी आलीस?"

"लिफ्टने. तुला काय वाटलं, उडी मारली?"

तो पहिल्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रागावला, एवढ्या लांब उगीच आणलं म्हणून. मी समजूत घालायला पुढे झालो. तो रडत होता.

"चार दिवस झोप नाही मला," तो म्हणाला. "खोली रिकामी केली, पलंग आणला. आणि रोज वाटत होतं, मी आईला तिच्या घरातून उपटून आणतोय, ती आमच्याकडे येऊन गप्प बसेल आणि मरून जाईल. पण इथे ठेवून जिन्यावरून पडली असती तर मी काय केलं असतं? ती नको म्हणाली असती तर मी थांबलो असतो. ती नको म्हणालीच नाही."

ताई त्याच्या शेजारी बसायला बघत होती. पायरी तिच्या पायाला खाली पडते, म्हणून मी ती घडीची खुर्ची उघडून दिली. त्याच कामाला ती आली शेवटी. बसल्यावर तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको कशी म्हणणार होते? मी नको म्हटलं असतं आणि नंतर इथे पडले असते, तर तू जन्मभर स्वतःला दोष दिला असतास. मी आले असते तर मला थोडंसंच वाईट वाटलं असतं. मी हिशोब केला आणि बरं म्हटलं."

मी आठवडाभर तिच्यावर धुसफुसत होतो. मेंढरू म्हणालो होतो मनात. मला वाटलं ती वाकली, आणि ती तर मुलाच्या वाट्याचं ओझं गुपचूप आपल्या पाठीवर घेऊन उभी होती. चार दिवस मी तिच्यासमोर बसलो होतो, तरी तिच्या मनातलं मला दिसलं नाही. माझेही डोळे भरून आले आणि मी ते सगळ्यांसमोर पुसले. या वयात आता लाज कुणाची.

हमालांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. भाचा म्हणाला, दोन दिवस राहतो. ताई म्हणाली, तीन राहा. मग ती काठी टेकत रस्त्यापलीकडच्या बाकापर्यंत गेली, मैत्रिणींमध्ये बसली, अर्धा तास बोलली आणि परत आली. पाय दुखत होता, पण तिने ते कबूल केलं नाही.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं उभे राहिलो. भाच्याने बटणाकडे हात नेला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि सहाचं बटण स्वतः दाबलं.